हातांचा नवस

नवसापायी माणसं काय काय सोडतात. कुणी चपला सोडतो, कुणी वांगं सोडतो, कुणी वर्षभर दाढीला वस्तरा लावत नाही. चामोर्शीकडच्या एका गावात एका म्हाताऱ्याने नातू व्हावा म्हणून विडी सोडली होती, आणि नातू होईपर्यंत सगळ्या ढिवर मोहल्ल्याचं डोकं खाल्लं होतं. पण त्याच मोहल्ल्यातल्या रंजीताने जे सोडलं ते त्याआधी कुणी सोडल्याचं ऐकिवात नाही. तिने हातांनी बोलणं सोडलं.

तिची मुलगी पायल जन्मापासून बहिरी. नाव ठेवलं तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तोवर नावही रुळलं होतं आणि पोरीच्या पायातल्या घुंगराच्या पायलही. पोरीला त्यांचा आवाज काय कामाचा, पण आईला होता. चुलीपुढे बसल्या बसल्या पोरगी कुठल्या कोपऱ्यात काय उद्योग करून राहिली आहे ते कळायचं.

घरात माणसं मोजकीच. रंजीता, नवरा आदेश, सासरा मनसाराम आणि सासू गोकुळा. गावच्या तलावावर सोसायटीची मासेमारी, तलावाच्या बांधाखाली, म्हणजे पाळीखाली, धानाचा एक बारीकसा तुकडा, आणि हंगाम सरला की मिळेल ती मजुरी. रंजीता अंगणात बसून फाटकी जाळी शिवायची. गावात तिच्याइतकी नेटकी जाळी शिवणारी दुसरी नव्हती, आणि हे तिला चांगलं माहीत होतं.

तलावावर कुणी तोंडाने बोलत नाही. हा तिथला जुना रिवाज. डोंगे, म्हणजे लहान होड्या, एकमेकांपासून लांब लांब असतात, पाण्यावरून आवाज सुसाट जातो आणि मरळ चिखलात दडी मारून बसते. म्हणून ओढ, थांब, सैल सोड, खाली खुंट आहे, सगळं हातांनीच सांगायचं. मनसारामची उभी हयात या हातवाऱ्यांत गेलेली. नातीला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा गोकुळेने कपाळावर हात मारला, आदेश दोन दिवस जेवला नाही, आणि मनसारामने पोरीला उचलून डोंग्यात बसवलं. बाकीच्यांना जे शिकायला अर्धं आयुष्य लागलं ते ही पोरगी सहज शिकेल, एवढाच त्याचा हिशेब होता.

आणि ती शिकली. तलावावरचे हात तिने घरी आणले, त्यात आपल्या पदरच्या खुणा घातल्या. भात, शेळी, विंचू, पाऊस, आजी रागावली, आजी रागावल्याचं सोंग करते आहे, अशा सगळ्याला खूण. चार वर्षांची असताना तिने संध्याकाळी चुलीपुढे रंजीताला सविस्तर सांगितलं होतं की आजी रोज दुपारी गुळाच्या डब्यात हात घालते, इकडे बघते, तिकडे बघते आणि मग देवाला नमस्कार करते. रंजीता हसून हसून चुलीत पडायची बाकी राहिली. गोकुळेला हसण्याचं कारण काही केल्या कळेना.

संध्याकाळचा हा तास मायलेकींचा. बाहेर अंधारून यायचं, चुलीचा उजेड हातांवर पडायचा, आणि पायलचे हात दिवसभराचं सगळं सांगून टाकायचे. रंजीता भात ढवळता ढवळता उत्तर द्यायची आणि भात खाली लागायचा. खाली लागलेला भात त्या घरात सगळे मुकाट्याने खात.

मग रंजीताला कमी काय होतं? कमी एकच होतं. हिला कुणी हाक मारत नव्हतं.

शेजारच्या घरातून 'आई वं' असा आवाज आला की रंजीता मान वळवायची. आपल्यासाठी नाही हे माहीत असून वळवायची. हापशीवर बायका कुरकुरायच्या, "दिवसभर आई आई करते वं पोट्टे, जीव नकोसा केला," आणि रंजीता कळशी अर्धी भरलेलीच उचलून निघून यायची. पायलला आई हवी असली की ती येऊन पदर ओढायची. लांब असली तर पायाने जमीन आपटायची. पण माणसाचं मन मोठं विचित्र असतं. ताटात सगळं वाढलेलं असावं आणि जीव एका लोणच्याच्या फोडीसाठी तळमळावा. रंजीताला ती हाक हवी होती. एकदा तरी, लांबून, चारचौघांनी ऐकावी अशी.

गावच्या आशा सेविका धुरपताबाईंनी चंद्रपूरच्या केंद्राचा पत्ता काढून दिला. आदेशने तिथे नेऊन पोरीच्या कानामागे मशीन बसवून आणलं. मशीनने फार काही ऐकू येणार नव्हतं, हे तिथल्या दिव्यानी मॅडमनी आधीच सांगितलं. पण ढोल वाजला की पायल दचकायला लागली, आणि तेवढ्यानेही घरात सण झाला. मग रंजीता पोरीला घेऊन महिन्यातून दोनदा जायला लागली. सकाळी चामोर्शीहून मूलची बस, मूलहून चंद्रपूरची. मॅडम समजावून सांगायच्या. घरी तिच्याशी भरपूर बोला, तुमचं तोंड तिला दिसू द्या, उजेडात बसा, घाई करू नका, एखादे दिवशी ती तुम्हाला आई म्हणेल. मॅडमनी सांगितलेल्या बाकीच्या सगळ्या गोष्टी रंजीताने ऐकल्या. शेवटची मात्र घरी घेऊन आली आणि उशाशी घेऊन झोपली.

त्या वर्षीच्या महाशिवरात्रीला सगळे मार्कंड्याच्या जत्रेला गेले. वैनगंगेच्या काठाला माणसांचा पूर लोटला होता. रंजीता पायलला कडेवर घेऊन रांगेत उभी होती आणि मनाशी शोधत होती की काय सोडावं. चपला सोडाव्या तर ती तशीही अनवाणीच फिरायची. मासे सोडावे तर ढिवराच्या घरात चूल कशी पेटायची? आणि देवाला काय, लहानसहान दिलेलं कळत नाही थोडंच. ज्यात आपला जीव अडकला आहे तेच द्यावं लागतं. पिंडीपुढे पोचेपर्यंत तिला कळून चुकलं होतं की तिचा जीव कशात अडकला आहे. चुलीपुढच्या त्या तासात.

"देवा, पोरीनं मले आई म्हनून हाक मारू दे. नारळ फोडीन," ती पुटपुटली. "तोवर मी हातानं बोलनार नाई."

कडेवरची पायल तेवढ्यात तिची हनुवटी धरून दाखवत होती की बघ, त्या माणसाच्या डोक्यावर माकडासारखी टोपी आहे. रंजीताने बघितलं आणि उत्तर दिलं नाही. नवस तिथूनच लागू झाला.

बोललेला नवस कुणाला सांगायचा नसतो, सांगितला तर फळत नाही. म्हणून घरी तिने सांगितलं की मॅडमनी मनाई केली आहे. हातांनी बोललं तर पोरगी तोंड उघडणार नाही, असं मॅडमचं म्हणणं आहे. बिचाऱ्या मॅडमना याचा पत्ताही नव्हता. शिकलेल्या बाईने सांगितलं म्हटल्यावर आदेश काय बोलणार? गोकुळेला तर हातवारे कधीच आवडले नव्हते. भांडला एकटा मनसाराम.

"डोंग्यावर तोंडानं बोलू का मी? समदे मासे पळवू का?"

"तिले डोंग्यावरच नेऊ नका, मामाजी. काही दिवस."

"काही दिवस म्हंजे?"

"आई म्हनते तोवर."

मनसारामने टोपी डोक्यावर ठेवली आणि एकटाच तलावावर गेला.

पहिल्या संध्याकाळी पायल नेहमीसारखी चुलीपुढे येऊन बसली आणि तिच्या हातांनी सुरुवात केली. रंजीताने आपले हात पदराखाली घेतले. पायल थांबली. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जरा सावकाश, जरा मोठ्या खुणा करून. रंजीता तोंडाने म्हणत राहिली, "आई. आई म्हन. आ, ई." पोरीने आईच्या तोंडाकडे बघितलं, पदराकडे बघितलं. मग उठून आत गेली आणि हळदीच्या तेलाची वाटी घेऊन आली. पदराखालून आईचे हात तिने ओढून काढले आणि दोन्ही मनगटांना तेल चोळायला बसली. तिला वाटलं, आईचे हात दुखताहेत.

असं वाटतं की त्याच क्षणी तो नवस मोडला असता तरी मार्कंड्याच्या देवाने काही मनावर घेतलं नसतं. पण रंजीता हट्टी होती, आणि हट्टापेक्षाही तिची भूक मोठी होती. तिने हात सोडवून घेतले. रात्री अंथरुणावर त्या तेलाचा वास घेत ती किती तरी वेळ रडली, आणि सकाळी उठून पुन्हा हात पदराखाली घेतले.

पायल सहजासहजी हरणारी नव्हती. ती आईचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरून आपल्याकडे वळवायची. खोड्या करायची, जाळ्याची सुतळी गुंतवून ठेवायची, म्हणजे आई रागावेल आणि रागाच्या भरात तरी हात बाहेर काढेल. रंजीता रागवायची, पण तोंडाने. मग हळूहळू पोरीचे हात बोलायचे कमी झाले. तहान लागली की माठाजवळ जाऊन उभी राहायची. झोप आली की झोपायची. एकदा संध्याकाळी बाहेरून आली ती डोळे पुसत आली. चुलीपुढे बसली, हात वर उचलले, आईकडे बघितलं आणि खाली ठेवले. मग गुडघ्यात डोकं घालून बसून राहिली. त्या दिवशी बाहेर काय झालं होतं, ते रंजीताला आजतागायत ठाऊक नाही.

"पोरगी शांत झाली," गोकुळा शेजारणींना सांगायची. "आता वळनावर आली." शेजारणीही माना डोलवायच्या. रंजीता ऐकून घ्यायची, आणि त्या घरात त्या वर्षी भात एकदाही खाली लागला नाही.

दिवाळी तोंडावर आली असताना नवस फळला. केंद्रातल्या त्या छोट्या खोलीत पायल आरशापुढे बसली होती, तिचा हात मॅडमच्या गळ्यावर होता. रंजीता मागच्या खुर्चीवर. आधी मॅडमनी 'आई' म्हटलं, आणि आरशात बघत पायल म्हणाली, "आ... ई." जाड, नाकातून आलेला आवाज, पण शब्द तोच. मॅडमनी तिला पाठीमागे वळवलं, रंजीताकडे बोट केलं. पायलने रंजीताकडे बघून पुन्हा म्हटलं आणि लगेच मॅडमकडे बघितलं, बरोबर आहे का म्हणून. मॅडमनी टाळी वाजवली. रंजीताने पदर डोळ्यांना लावला तो बस स्टँडपर्यंत काढला नाही.

बसमध्ये तिने हात मोकळे केले. कितीतरी महिन्यांचं साचलेलं होतं. तुला भूक लागली? दमलीस? वैनगंगेचा पूल आला तेव्हा तिने पोरीच्या खांद्याला हलवून दाखवलं, बघ, पाणी, केवढं मोठं, आपल्या तलावाएवढे कितीतरी तलाव. पायलने आईच्या हातांकडे बघितलं. ओळखीच्या पण फारसं येणं-जाणं नसलेल्या घराकडे बघावं तसं बघितलं. मग खिडकीकडे तोंड केलं. दमली असेल, रंजीता मनाशी म्हणाली.

मार्कंड्याला जाऊन तिने नारळ फोडला. गावभर साखर वाटली. जो येईल त्याच्यापुढे पायलला उभं केलं जायचं आणि पायल न चुकता "आई" म्हणायची. धुरपताबाईंपुढे म्हणाली, त्यांनी बिस्किटांचा पुडा दिला. किराणावाल्याने गोळी दिली. आणि घरात तर हा शब्द दिवसभर ऐकू यायला लागला. पाणी हवं, आई. दिवा लाव, आई. डब्याचं झाकण निघत नाही, आई. पाणी मिळालं की पोरगी वळून निघून जायची. रंजीता ग्लास धरलेला हात तसाच पुढे करून तिथे उभी राहायची. मागितलं होतं ते तिला अगदी मोजून मिळालं होतं.

रोज संध्याकाळी ती चुलीपुढे बसून हातांनी बोलायची. आज शेळीने काय केलं, हापशीवर कोण भांडलं. तिच्या हातांना आता गंज चढला होता, खुणा अडखळत यायच्या. पायल समोर बसायची, पण दोन्ही हात पाठीमागे धरून. बघायची, आणि भात वाढला की जेवायची.

शेवटी पुढच्या खेपेला रंजीताने मॅडमना सगळं सांगून टाकलं. नवसही सांगितला. फळून गेलेला नवस सांगायला हरकत नव्हती.

"मी हात बांधायला कधीच सांगितलं नव्हतं, ताई," मॅडम म्हणाल्या. "तिला दोन्ही लागतील. हात तर आधी लागतील."

"आता काय करू मंग, मॅडम?"

"बोलत राहा. ती उत्तर देत नाही म्हणून थांबू नका. तिने जितके दिवस वाट बघितली, तितके दिवस तुम्हाला बघावी लागेल. कदाचित जास्तच."

यात धीर होता की शिक्षा, ते रंजीताला कळलं नाही. घरी आल्यावर तिने एवढंच केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मनसाराम टोपी घालून निघाला तेव्हा तिने पायलला उठवलं, स्वेटर चढवला आणि त्याच्यापुढे उभी केली. "घिऊन जा, मामाजी," ती म्हणाली. मनसारामने नातीचं बोट धरलं आणि तो चालायला लागला.

धान निघालं, थंडी वाढली, आणि तलावात मोठं जाळं टाकायचा दिवस आला. त्या दिवशी अख्खा मोहल्ला पाळीवर असतो. पुरुष डोंग्यांत, बायका टोपल्या घेऊन काठावर. रंजीता घरच्यांचं जेवण घेऊन जरा उशिराच पोचली. पाण्यावरचं धुकं उठलं होतं. जाळ्याचं मोठं कडं करून डोंगे सावकाश आत सरकत होते, कुठे हूं की चूं नव्हतं. आणि मधल्या डोंग्यात, आदेशच्या पुढ्यात, पायल उभी होती.

तिचे हात बोलत होते. एका हाताने जाळ्याची दोरी धरून दुसऱ्या हाताने ती पलीकडच्या डोंग्यातल्या म्हाताऱ्याला काहीतरी सांगत होती, आणि म्हातारा हसत होता, आवाज न करता, पोट हलवत. मग तिने डावीकडच्या डोंग्याला सांगितलं. मग आदेशला. रंजीताला लांबून सगळंच वाचता येत नव्हतं. पण ती पोरगी तीच होती, गुळाच्या डब्याची गोष्ट सांगणारी. रंजीताने डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि बघत राहिली. आपली मुलगी जिवंत आहे, फक्त आपल्यापाशी नाही, हे तिला त्या दिवशी पाळीवर उभं राहून कळलं.

मनसारामचा डोंगा पहिले मासे उतरवायला काठाला लागला. रंजीता टोपली घेऊन खाली गेली.

"मामाजी, थे बोलते तुमच्याशी?"

"बोलते ना."

"माह्याबद्दल बोलते?"

"मायबद्दल कोन बोलत नाई?" मनसारामने मासे टोपलीत ओतले.

"मंग मले काय म्हनते? हातानं?"

मनसारामने वर पाहिलं. त्याला आधी ती थट्टा करते आहे असं वाटलं. "तुले ठाऊक नाई?"

रंजीताने मान हलवली. ठाऊक कसं असणार? आपल्या माघारी आपल्याला काय म्हणतात ते माणसाला सगळ्यांच्या शेवटी कळतं. समोर असताना पोरगी पदर ओढायची, नावाची गरजच पडायची नाही.

मनसारामने ओले हात धोतराला पुसले. उजव्या हाताची दोन बोटं पुढच्या दातांपाशी नेली, दातात धागा धरल्यासारखी, आणि एका झटक्याने बाजूला ओढली. "हे," तो म्हणाला. "जाळं शिवताना तू धागा दातानं तोडतस ना, थे. तीन वर्साची असन, तवा केलं तिनं. इथी समदे तुले हेच म्हनते." बाजूच्या डोंग्यातल्या लालसू म्हाताऱ्याने ते बघून मान डोलावली आणि त्यानेही तसंच करून दाखवलं, ओळख पटल्यासारखं.

रंजीता चिखलात उभी होती. तीन वर्षांची असल्यापासून. म्हणजे ती हापशीवरून अर्धी कळशी घेऊन पळत होती तेव्हा, मार्कंड्याच्या रांगेत काय सोडावं म्हणून शोधत होती त्याच्याही आधी, इथे या पाण्यावर तिची लेक दिवसभर तिला बोलवत होती, तिचं नाव घेत होती, आणि सगळ्या तलावाला ते पाठ होतं. तिला हसू आलं आणि ते मधेच विरलं.

"आजबी हेच म्हनते?" तिने विचारलं.

मनसाराम खाली वाकून उगीचच टोपलीतले मासे सारखे करू लागला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि खरं बोलायची त्याला इच्छा नव्हती. लालसूनेही दुसरीकडे बघितलं.

"सांगा ना, मामाजी."

तो सरळ उभा राहिला. अंगावरचा दुपट्टा पुढे ओढला आणि दोन्ही हात त्याच्याखाली घेतले. "शिवरात्रीनंतर हे म्हनते," तो म्हणाला, आणि डोंगा ढकलून पुन्हा पाण्यात गेला.

रंजीताने टोपली उचलली नाही. बायका तिला बाजूने हाका मारत होत्या, मासे निवडायला बस म्हणत होत्या, तिला काही ऐकू येत नव्हतं. ती मधल्या डोंग्याकडे बघत होती. कडं आता लहान झालं होतं, डोंगे जवळ आले होते. पायलने मान वळवली आणि तिला पाळीखाली आई दिसली.

पोरीने क्षणभर बघितलं. आई आली म्हणजे जेवण आलं. आणि या बाईला काय आवडतं ते तिला आता चांगलं ठाऊक होतं, तिला ते शिकवलं होतं, त्यावर बिस्किटं मिळाली होती. तिने छाती भरून श्वास घेतला.

"आई!"

जाड, मोठा, सगळ्या तलावावरून आलेला आवाज. पाळीवरच्या बायका उभ्या राहिल्या. "हाक मारली वं," कुणीतरी म्हणालं. "रंजी, ऐकलं का? तुले हाक मारली." डोंग्यातले पुरुषही वळून बघायला लागले. जाळ्यातल्या निम्म्या मरळींनी तेवढ्यात चिखल गाठला असेल, पण कुणी रागावलं नाही. लांबून मारलेली, चारचौघांनी ऐकलेली हाक. मागितली होती अगदी तशी.

रंजीताने मान हलवली. नाही, हे नाही.

ती पाण्यात उतरली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. थंड पाण्याने लुगडं जड झालं. "कुठी जाऊन राह्यली वं, जाळ्यात जाशीन," मागून गोकुळा ओरडली. कमरेएवढ्या पाण्यात ती थांबली, कारण पुढे खोल होतं. दोन्ही हात पाण्याच्या वर काढले. उजव्या हाताची दोन बोटं दातांपाशी नेली, नसलेला धागा धरला आणि तोडला. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी. पुन्हा बोटं दातांपाशी, पुन्हा धागा. मी, मी हे. मग दोन्ही तळवे पायलकडे उघडे धरले. तू म्हण.

पायलच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने बापाकडे बघितलं. आदेशने दोरी घट्ट धरली होती. तिने आज्याच्या डोंग्याकडे बघितलं. मनसाराम जाळ्यातला खुंट शोधत असल्यासारखा पाण्यात बघत होता. मग तिने आईच्या हातांकडे बघितलं, किती तरी वेळ, ते परत पदरात जातात का ते बघावं तसं. हात गेले नाहीत. पाण्याच्या वरच राहिले.

पायलने दोरीवरचा एक हात काढला. दोन बोटं वर नेली, दातांपाशी. धागा धरला.

तेवढ्यात पलीकडून ओढ अशी खूण झाली, सगळे डोंगे एकदम मागे रेलले, आणि तिचा हात परत दोरीवर गेला. धागा तुटायचा राहिला. अर्धंच नाव झालं होतं. पायल पाठमोरी होऊन बापाबरोबर जाळं ओढू लागली, आणि रंजीता त्या पाण्यात तशीच उभी राहिली, दोन्ही हात वर धरून, उरलेल्या अर्ध्यासाठी.